करडी बुरशी : एक रोग, दोन निकाल

बाजारातून आणलेली स्ट्रॉबेरीची पेटी दोन-तीन दिवस तशीच विसरली तर काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एखाद्या फळावर राखेच्या रंगाची मऊ लव उगवते. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या फळावर दिसते आणि चार दिवसांत सारी पेटी टाकून द्यावी लागते. हीच लव टोमॅटोवर, गुलाबाच्या कळीवर आणि द्राक्षाच्या घडावरही येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती एक कटकटीची रोगकारक बुरशी आहे. २०१२ साली वनस्पतिरोगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचा कौल घेऊन सर्वांत महत्त्वाच्या दहा रोगकारक बुरशींची एक यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीत भातावरील करपा रोगाच्या बुरशीखालोखाल दुसरा क्रमांक या करड्या बुरशीचा होता.

आता याच बुरशीची दुसरी बाजू ऐका. फ्रान्स, जर्मनी आणि हंगेरी या देशांतील काही खोऱ्यांत द्राक्षबागाईतदार शरद ऋतूत आपल्या बागेवर ही बुरशी कधी येते याची डोळ्यांत तेल घालून वाट पाहतात. ती आली नाही, तर त्यांचे वर्ष फुकट जाते. बुरशी लागून सुरकुतलेली, तपकिरी, दिसायला अगदी टाकाऊ अशी द्राक्षे ते एकेक करून वेचतात. त्या द्राक्षांपासून होणारी गोड वाइन जगातील अत्यंत महागड्या वाइनींत मोडते.

बुरशी तीच, फळ तेच. मग एका ठिकाणी ती नासाडी करते आणि दुसऱ्या ठिकाणी तिचे स्वागत होते, हे कसे? तुम्हाला वाटेल की हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे. आहेच, पण त्याच्या उत्तराचा मोठा भाग तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. बाष्पीभवन, सापेक्ष आर्द्रता, घनता आणि परासरण हे चार शब्द तुम्ही वर्गात शिकला आहात. तेच घेऊन आपण या कोड्याकडे पाहू.

राखेच्या रंगाचा घड

या बुरशीचे शास्त्रीय नाव बॉट्रायटिस सिनेरिया. ‘बॉट्रिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ द्राक्षाचा घड, तर ‘सिनेरिया’ हे लॅटिन विशेषण ‘राखेच्या रंगाची’ असे सांगते. हे नाव पर्सून या शास्त्रज्ञाने १७९४ साली दिले. नावातला घड द्राक्षाच्या वेलीवरचा नव्हे, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा आहे. बुरशीच्या उभ्या दांड्यांना वर फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणूंचे झुबके लागतात. ते अगदी द्राक्षाच्या घडासारखे दिसतात.

एक बीजाणू म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा कण. हवा सकाळी ओलसर असते आणि ऊन वर आले की कोरडी होते. या बदलाने दांड्या पिळवटतात आणि बीजाणू सुटून हवेत उडतात. एवढा लहान कण खाली पडताना हवेचा विरोध फार जाणवतो. स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला, तर स्थिर हवेत त्याचा खाली पडण्याचा वेग सेकंदाला अवघा तीन मिलिमीटर येतो. म्हणजे एक मीटर खाली यायला त्याला साडेपाच मिनिटे हवीत! तेवढ्या वेळात सेकंदाला तीन मीटर वेगाची साधी झुळूकही त्याला एक किलोमीटर दूर नेऊ शकते. एका बागेतली बुरशी दुसऱ्या बागेत कशी पोचते, हे आता निराळे सांगायला नको.

द्राक्षमण्यावर पडलेला बीजाणू लगेच काही करू शकत नाही. त्याला रुजायला ओलावा लागतो. मण्यावर पाण्याचा पातळ थर किंवा जवळजवळ संपृक्त हवा बरेच तास मिळाली आणि तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असले, की त्यातून एक बारीक तंतू बाहेर पडतो. सालीवरची एखादी चीर, किड्याने पाडलेले छिद्र किंवा सुकलेल्या फुलाचा अवशेष त्याला आत शिरायला पुरतो. वाट नसेल तर तो ती तयार करतो. सालीतील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ विरघळवणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, तो बाहेर सोडतो आणि ऑक्झॅलिक आम्लाचीही मदत घेतो. काही परजीवी आपल्या यजमानाला जिवंत ठेवून त्याच्याकडून अन्न घेतात. करडी बुरशी त्यांतली नाही. ती आधी पेशी मारते आणि मग मेलेल्या पेशींवर जगते. म्हणूनच तिला विशिष्ट पीकच हवे असे नसते. दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती वाढू शकते.

सालीचे झाकण उघडले की

द्राक्षाचा ताजा मणी हातात घेऊन पाहा. त्यावर पांढरट धुरकट असा थर दिसेल. बोटाने पुसला तर तो निघतो आणि खालची साल चकाकते. हा थर मेणाचा आहे. मण्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग पाण्याचा असतो. हे पाणी उन्हात उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने घातलेले हे झाकण होय.

सांगली-तासगाव भागात बेदाणे करणाऱ्या शेतकऱ्याला हे झाकण आडवे येते. नुसते घड वाळत घातले, तर ते वाळायला फार दिवस लागतात. म्हणून तो आधी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या पाण्यात बुडवतो. त्यामुळे मेणाच्या थराची अडवण्याची शक्ती कमी होते आणि शेडमधील जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे साधारण पंधरवड्यात वाळून बेदाणे तयार होतात.

बेदाण्याच्या शेडवर जे काम हे द्रावण करते, तेच काम वेलीवरच्या मण्यावर करड्या बुरशीचे तंतू करतात. साल जागच्या जागी राहते, पण ती चाळणीसारखी सच्छिद्र होते. आता मण्यातले पाणी बाहेर जायला मोकळे आहे.

पण थांबा. वाट मोकळी झाली म्हणजे पाणी बाहेर जाईलच, असे नाही. ते जाईल की नाही हे बाहेरची हवा ठरवते. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवन होईल आणि मणी आकसेल. हवा बाष्पाने भरलेली असेल तर बाष्पीभवन जवळजवळ थांबेल. आणि पाऊस पडत असेल तर उलट बाहेरचेच पाणी आत शिरेल. आपल्या कोड्याची किल्ली इथे आहे.

एक ढोबळ हिशेब करू. समजा, १०० ग्रॅम द्राक्षरसात २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी आहे. इतर पदार्थ सध्या बाजूला ठेवू. बुरशीही जगण्यासाठी साखर खाते. समजा, तिने ५ ग्रॅम साखर खाल्ली. उरली १५ ग्रॅम.

पहिली शक्यता अशी की हवा कोरडी होती आणि ५० ग्रॅम पाणी उडून गेले. मग ३० ग्रॅम पाणी आणि १५ ग्रॅम साखर मिळून ४५ ग्रॅम रस उरला. साखरेचे प्रमाण झाले शेकडा ३३.

दुसरी शक्यता अशी की पाऊस पडला आणि मण्याने आणखी २० ग्रॅम पाणी शोषले. मग रस झाला ११५ ग्रॅम आणि त्यात साखर तीच १५ ग्रॅम. प्रमाण आले शेकडा १३.

पाहिलेत? दोन्ही वेळा बुरशीने सारखीच चोरी केली. तरी एकदा रस पहिल्यापेक्षा कितीतरी गोड झाला आणि एकदा पाणचट झाला. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण तत्त्व खरे आहे. बुरशीचा फायदा होतो की तोटा, हे तिने किती खाल्ले यापेक्षा त्या दिवसांत पाणी कोणत्या दिशेने गेले यावर ठरते.

धुक्याची सकाळ, उन्हाची दुपार

आता बागाईतदाराची अडचण लक्षात घ्या. बुरशी रुजायला ओलावा हवा आणि मणी सुकायला कोरडी हवा हवी. या दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. सतत ओल असेल तर बुरशी माजते. सतत कोरडे असेल तर ती येतच नाही. मग दोन्ही कसे साधायचे? उत्तर असे की दिवसाची वाटणी करायची. सकाळी धुके आणि दुपारी स्वच्छ ऊन व वारा.

असे हवामान मागून मिळत नाही. ते काही नदीकाठांनाच लाभते. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आग्नेयेस सोतेर्न नावाचा भाग आहे. बोर्दो हे नाव आपल्या द्राक्ष शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मोरचूद आणि चुना यांचे जे ‘बोर्डो मिश्रण’ ते फवारतात, ते याच परिसरात १८८०च्या दशकात मियार्दे या शास्त्रज्ञाने द्राक्षावरील केवडा रोगासाठी पुढे आणले. सोतेर्नजवळ सिरों ही लहान नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. सिरों झऱ्यांच्या पाण्यावर वाहते, तिच्या काठी दाट झाडी आहे, म्हणून तिचे पाणी थंड. गारोनचे पाणी त्यामानाने उबदार. शरद ऋतूत त्यांच्या संगमाजवळ रात्री आणि पहाटे धुके धरते, ते या फरकामुळे, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

थंड आणि उबदार हवा मिसळल्याने धुके का व्हावे? त्यासाठी एक छोटा तक्ता ध्यानात ठेवा. संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये ० अंश सेल्सिअसला सुमारे ४.८ ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांना ९.४ ग्रॅम आणि २० अंशांना १७.३ ग्रॅम. आता ० अंशांची आणि २० अंशांची संपृक्त हवा निम्मी-निम्मी मिसळा. मिश्रणाचे तापमान होईल सुमारे १० अंश. त्यात दर घनमीटरला बाष्प असेल ४.८ आणि १७.३ यांची सरासरी, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. पण १० अंशांना मावते फक्त ९.४ ग्रॅम! उरलेले दीड ग्रॅमहून अधिक पाणी बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. तेच धुके. थंडीच्या दिवसांत आपल्या तोंडातून ‘वाफ’ निघते, तिचे कारणही हेच आहे. नद्यांवर तापमानाचा फरक इतका मोठा नसतो, पण क्रिया त्याच प्रकारची.

आता सूर्य वर आला. १० अंशांची संपृक्त हवा तापून २० अंशांची झाली. तिच्यातले बाष्प तेवढेच, ९.४ ग्रॅम, पण आता १७.३ ग्रॅम मावण्याइतकी तिची क्षमता वाढली. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून एकदम ५४ टक्क्यांवर उतरली. हवेत नवीन काही आले नाही की तिच्यातून काही गेले नाही. नुसत्या तापमानाने ओली हवा कोरडी झाली! पहाटे रुजलेली बुरशी दुपारी आवरली जाते आणि तिने छिद्रे पाडलेल्या मण्यातून पाणी उडू लागते. असे दिवसांमागून दिवस गेले, की सोनेरी मणी आधी तपकिरी होतो आणि मग मनुकेसारखा सुरकुततो. आत साखरेचे प्रमाण फार वाढले की बुरशीलाही तो पाक सोसवत नाही आणि तिची वाढ मंदावते. फ्रेंच आणि जर्मन लोक या अवस्थेला ‘उमदी कूज’ अशा अर्थाची नावे देतात.

हंगेरीतील टोकाय या प्रदेशात बोद्रोग आणि तिसा या नद्या हेच काम करतात. तेथे अशा सुकलेल्या मण्यांपासून वाइन करण्याची परंपरा सतराव्या शतकात चांगली रुजलेली होती. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या योहानिसबेर्ग येथील एक कथा प्रसिद्ध आहे. तेथील मठाला द्राक्षे तोडायची परवानगी दूरच्या फुल्डा गावाहून घोडेस्वार पाठवून मिळवावी लागे. १७७५ साली तो स्वार बराच उशिरा परतला आणि तोवर द्राक्षांना बुरशी लागली. मठवासीयांनी तशीच ती गाळली आणि त्या वाइनीची चव पाहून सारे थक्क झाले, असे सांगतात. त्या स्वाराचा पुतळा तेथे आजही उभा आहे. कथेत पदरचे किती हे बाजूला ठेवू. पण तेथून जवळच असलेल्या गायझेनहाइमच्या संस्थेत काम करणाऱ्या हेर्मान म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १८८८ साली या उमद्या कुजीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, हे मात्र पक्के आहे. लोकांना अनुभवाने माहीत असलेली गोष्ट तेव्हापासून प्रयोगशाळेत आली.

गोडी वजनाने मोजा

सुकलेल्या मण्यात साखर किती हे कळणार कसे? चव घेऊन आकडा सांगता येत नाही. इथे आर्किमिडीज मदतीला येतो. रसात साखर जितकी जास्त, तितकी त्याची घनता जास्त, आणि तरंगणारी काचेची नळी त्यात तितकी कमी बुडते. जर्मनीतील फोर्टसहाइम गावच्या फर्डिनांड एक्सले या कारागिराने या तत्त्वावरील द्राक्षरसाचा तरकाटा एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणला. त्याची मोजपट्टी फार सोपी आहे. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १००० ग्रॅम. एक लिटर रसाचे वजन १०९० ग्रॅम भरले, तर तो रस ९० एक्सले अंशांचा. साधी पिकलेली द्राक्षे ८० ते ९० अंशांच्या आसपास असतात. उमद्या कुजीच्या मण्यांपासून करायच्या जर्मनीतील सर्वांत वरच्या प्रतीच्या वाइनीसाठी मात्र रस निदान १५० अंशांचा असावा लागतो.

इतक्या दाट रसात यीस्टलाही काम जड जाते. यीस्टच्या पेशीभोवती साखरेचे दाट द्रावण असले, की परासरणाने पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. आपल्या घरी मोरावळा किंवा गुळांबा महिनोन् महिने टिकतो तो याच कारणाने. त्यामुळे रस पूर्ण आंबण्यापूर्वीच किण्वन थांबते, आणि बरीच साखर वाइनीत तशीच राहते.

बुरशी नुसते पाणी घालवून थांबत नाही. ती साखरेबरोबर द्राक्षातील टार्टारिक आम्लही खाते आणि ग्लिसरॉल, ग्लुकॉनिक आम्ल यांसारखे पदार्थ मागे सोडते. वाइनीचा दाटसरपणा आणि मधासारखा वास यात त्यांचा व बुरशीच्या इतर रासायनिक उलाढालींचा वाटा असतो. म्हणून ही वाइन म्हणजे बेदाण्याच्या रसाची वाइन नव्हे.

पाऊस आला तर

आता दुसरा निकाल पाहू. द्राक्षे पिकत आली आहेत, बुरशी आत शिरली आहे आणि अशा वेळी चार दिवस पावसाची झड लागली. मणी पाणी शोषून फुगतात आणि तडकतात. रस ओघळून शेजारच्या मण्यांवर पसरतो. दाट घडात वारा शिरत नसल्याने ओल हटत नाही. साऱ्या घडावर करडी लव माजते. तडकलेल्या मण्यांत शिर्का करणारे जीवाणूही शिरतात आणि घडाला आंबूस वास येऊ लागतो. हीच ‘करडी कूज’.

तरीही अशी द्राक्षे गाळून वाइन केलीच तर? बुरशीने सोडलेले लॅकेज नावाचे एक विकर रसातील रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण घडवून आणते. कापलेले सफरचंद काळे पडते, तसाच काहीसा हा प्रकार. पांढरी वाइन तपकिरी पडते आणि तांबड्या वाइनीचा रंग उडतो. म्हणूनच तांबड्या द्राक्षांच्या बागेत या बुरशीचे स्वागत होत नाही. उमद्या कुजीची वाइन पांढऱ्या द्राक्षांचीच असते. शिवाय बुरशीने तयार केलेला ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ गाळण्या बंद पाडतो.

तेव्हा सोतेर्नच्या बागाईतदाराची स्थिती कशी असते, याची कल्पना करा. पीक तयार आहे. आज तोडले तर साधी वाइन नक्की मिळेल. थांबले तर कदाचित सोने होईल, कदाचित माती. तो थांबतो. सगळे मणी एकदम सुकत नाहीत, म्हणून मजूर एकाच बागेतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर खेपेस तयार झालेलेच मणी किंवा घडाचे भाग काढतात. पाणी उडाल्यामुळे रस फार थोडा मिळतो. तेथील शातो दिकेम या प्रसिद्ध बागेत एका वेलीमागे एक पेलाभर वाइन होते, असे सांगतात. याच बागेने १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षी आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही, कारण हंगाम मनासारखा साधला नव्हता. वर्षभराची मेहनत आणि त्यामागचा पैसा काही ओल्या दिवसांत असा जातो.

आपल्या शेतात

आपल्याकडे उमद्या कुजीचे हवामान बांधून घेता येईल का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. नाशिक आणि सांगली भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात पिकतात. हा काळ कोरडा आणि पुढे तापत जाणारा असतो. खाण्याच्या द्राक्षांना नेमके तेच हवे, आणि आपल्या द्राक्षशेतीचे बळही त्यातच आहे. आपल्या बागाईतदाराला जास्त घोर लागतो तो केवडा आणि भुरी या रोगांचा. त्यांचेही पाण्याशी नाते पाहा. केवड्याला पान ओले लागते. भुरीच्या बीजाणूंना रुजायला पाण्याचा थर लागत नाही. त्यामुळे फवारणी कोणती आणि केव्हा, हे ठरवताना पाने किती तास ओली राहिली याला फार महत्त्व येते. हंगामात अवकाळी पाऊस झाला की बागेतला सारा हिशेब उलटतो, तो यामुळेच.

करडी बुरशी आपल्याला भेटते ती विशेषतः तोडणीनंतर. निर्यातीची द्राक्षे ० अंश सेल्सिअसच्या आसपास शीतगृहात ठेवतात. त्या थंडीत बहुतेक जीव गप्प बसतात, पण ही बुरशी हळूहळू का होईना वाढत राहते. एक मणी कुजला तर परदेशी पोचेपर्यंत पेटी खराब होण्याची भीती. म्हणून पेटीत सोडियम मेटाबायसल्फाइट भरलेला कागदी पॅड ठेवतात. पेटीतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन थोडा थोडा सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि बुरशीला रोखतो. जो ओलावा बुरशीला वाढवतो, तोच तिच्यावरचे औषधही सोडतो, ही मोठी सुबक योजना आहे. उत्तर भारतात, नेपाळच्या तराईत आणि बांगलादेशात मात्र याच बुरशीमुळे हरभऱ्यावर ‘करडी बुरशी’ हा घातक रोग येतो. तेथे थंडीत पाऊस आणि धुके राहिले, की फुले गळतात आणि घाटे धरत नाहीत.

औषधे फवारून हा प्रश्न कायमचा सुटलेला नाही. या बुरशीची पिढी लवकर तयार होते आणि बीजाणू अगणित असतात. त्यांतला एखादा औषधाला दाद न देणारा निघाला, की पुढे त्याचीच संतती वाढते. १९७०च्या दशकात नव्या बुरशीनाशकांबाबत हा अनुभव लवकरच आला. म्हणून घडाभोवतीची पाने विरळ करून वारा खेळता ठेवणे, घड फार दाट न होऊ देणे, असे उपाय जगभर केले जातात. ट्रायकोडर्मासारखी दुसरी बुरशीही तिच्याविरुद्ध वापरतात. यातला पहिला उपाय पाहा : मणी लवकर सुकावा एवढाच त्याचा उद्देश. म्हणजे पुन्हा बाष्पीभवनच.

स्वतः करून पाहा

बुरशी न वापरताही हे तत्त्व तुम्हाला शाळेत तपासता येईल. सारख्या आकाराची तीस द्राक्षे घ्या. त्यांचे दहा-दहाचे तीन गट करून तीन बशांत ठेवा. पहिल्या गटातले मणी तसेच राहू द्या. दुसऱ्या व तिसऱ्या गटातल्या प्रत्येक मण्याला बारीक टाचणीने वीस छिद्रे पाडा. तिसऱ्या बशीत ओल्या कापसाचा बोळा ठेवून तिच्यावर मोठे काचेचे भांडे उपडे घाला. प्रयोगशाळेतील तराजूवर रोज ठरावीक वेळी प्रत्येक गटाचे वजन घ्या आणि दिवस व वजन यांचा आलेख काढा. चार-पाच दिवस पुरेत. कोणता गट सर्वांत जास्त वजन गमावतो? दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या सालीत फरक नसताना आलेखात फरक का पडतो?

तिसऱ्या गटात बुरशी दिसू लागली, तर भांडे न उघडता तो गट टाकून द्या. तिचा वास घेऊ नका. या बुरशीच्या बीजाणूंमुळे द्राक्षबागेतील कामगारांना श्वासाचा विकार होतो, हे ज्ञात आहे. आणि उमद्या कुजीची गोष्ट वाचली म्हणून घरातली बुरशी आलेली द्राक्षे खाऊ नका. तिथे इतर बुरशीही असतात आणि त्यांतील काही विषारी पदार्थ तयार करतात.

आपण एखाद्या जीवाला चटकन ‘उपद्रवी’ किंवा ‘उपयोगी’ ठरवून मोकळे होतो. करड्या बुरशीला या दोन्ही रकान्यांत घालता येते, किंवा एकातही नाही. ती दोन्ही ठिकाणी एकच काम करते : साल फोडते आणि मिळेल ते खाते. पुढचे सारे हवेतील बाष्पावर अवलंबून असते. तेव्हा एखाद्या रोगाविषयी वाचताना ‘तो कोणत्या जंतूमुळे होतो’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोणत्या परिस्थितीत होतो, किती वेळ आणि किती ओलाव्यात’ हेही विचारा. शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे उत्तर पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नातून मिळते.